भाकरीचा तुकडा आणि काठी

श्रोतेहो, कुत्र्याशी बोलण्यासाठी आपल्या भाषेने तीन शब्द करून ठेवले आहेत. जवळ बोलवायचे असेल तर 'यू यू', हाकलायचे असेल तर 'हाड', आणि कुणाच्या अंगावर सोडायचे असेल तर 'छू'. शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवस्तीवर जा, हे तीन शब्द दिवसातून दहा वेळा कानांवर पडतील. पण 'तू हे चांगले केलेस' असे कुत्र्याला सांगण्यासाठी मात्र आपण वेगळा शब्द केला नाही. ही उणीव केवळ शब्दाची नाही, रीतीचीही आहे. कुत्र्याला शिकवायचे म्हणजे काठी हातात घ्यायची, अशी आपली समजूत झाली आहे. ती कितपत खरी आहे, हे आज इतिहासाच्या आधाराने पाहायचे आहे.

सुरुवातीला एक घरची गोष्ट सांगतो. माझे बालपण घोड नदीकाठच्या एका गावात गेले. मी दहा वर्षांचा असताना आमच्या मळ्यात काळ्या नावाचे एक पिलू होते. ते माझे. मी हाक मारली की त्याने ताबडतोब यावे, अशी माझी अपेक्षा. एकदा ते उंदरामागे लागले आणि दहा हाका मारल्यावर आले. आल्याबरोबर मी त्याला ओल्या फोकाने झोडपले. दुसऱ्या दिवशी हाक मारली, तर ते दूर उभे राहून नुसते पाहू लागले. मेंढरे बसवायला आलेले एक धनगरबाबा बांधावरून हे पाहत होते. ते म्हणाले, "आरं पोरा, आल्यावं मारतूस, मंग उद्या यील कशाला त्ये?"

त्यांचे म्हणणे मला पटले नाही. मी काळ्याला साखळीला बांधले. बांधलेले कुत्रे पाहून येणारी-जाणारी मुले खडे मारीत. वर्षभरात काळ्या असा झाला, की जवळ जाणाऱ्या प्रत्येकावर दात काढी. एके दिवशी साखळी तुटली आणि तो शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या दंडाला चावला. त्या पोराने पोटात चौदा सुया घेतल्या. रोज सकाळी त्याचे वडील त्याला सायकलवर बसवून तालुक्याच्या गावी नेत, आणि मी दाराआड उभा राहून ती सायकल जाताना पाही. गावकऱ्यांनी काळ्याला मारले. सारे म्हणाले, कुत्रे वाईट निघाले. कुत्रे वाईट निघाले नव्हते. ते मी तसे केले होते. पण हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आता इतिहासाकडे वळू. कुत्रा हा माणसाने माणसाळवलेला पहिला प्राणी. गाय, शेळी, घोडा हे सारे मागाहून आले. लांडग्यांच्या एका जातीपासून कुत्रा निर्माण झाला, आणि ही घटना शेतीच्या आधीची, माणूस शिकार करून पोट भरीत होता तेव्हाची आहे. त्या काळी माणसाजवळ साखळी नव्हती, पट्टा नव्हता, कुंपणही नव्हते. लांडग्याच्या पिलाला पळून जायचे असते, तर त्याला कोण अडवणार होते? ते राहिले, याचा अर्थ राहण्यात त्याला काही लाभ होता. माणसाने उष्टेखरकटे दिले, त्याने रात्रीची राखण केली. हा व्यवहार काठीने झालेला नाही, तुकड्याने झाला आहे.

पण नुसत्या तुकड्यावर हे नाते थांबले नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक दफन सापडले. ते सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एका कुत्र्याचे अवशेष होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कुत्र्याच्या दातांची तपासणी झाली. ते सहा-सात महिन्यांचे पिलू होते, आणि मरण्यापूर्वी काही आठवडे त्याला डिस्टेंपर नावाचा भयंकर रोग झालेला असावा, असे संशोधकांना दिसून आले. असे आजारी पिलू शिकारीच्या किंवा राखणीच्या उपयोगाचे नसते. ते इतके दिवस जगले, याचा अर्थ कुणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली, स्वच्छ केले. जनावर पाळणाऱ्याच्या जबाबदारीचा याहून जुना दाखला कोणता द्यावा?

इतक्या दूर जायलाच हवे असेही नाही. आपल्या शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची घरे, चुली, धान्याची पेवे, नदीचे पाणी शेताला देणारा पाट, सारे उजेडात आले. हाडांची छाननी झाली तेव्हा गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी या पाळीव जनावरांबरोबर कुत्र्याचीही हाडे आढळली. वस्तीच्या शेवटच्या काळात पाऊस कमी झाला, शेती मागे पडली आणि लोकांचा भर शेळ्यामेंढ्यांवर आला, असे संशोधकांचे मत आहे. म्हणजे घोडकाठच्या माळावर मेंढरे, त्यांच्यामागे माणूस आणि माणसाच्या पायाशी कुत्रा, हे आज दिसणारे चित्र फार जुने आहे.

त्या काळचा माणूस कुत्र्याला कसे वागवी, हे हाडांवरून सांगता येत नाही. पण आपल्या धनगरांच्या वाड्यात अजून जी रीत दिसते ती विचार करण्याजोगी आहे. वाड्यातले पिलू मेंढरांच्या अंगाशी झोपते, कोकरांबरोबर वाढते. मेंढरू आपले आणि लांडगा परका, हे त्याला कुणी मारून शिकवीत नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिलांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलू ज्यांच्या सहवासात राहते त्यांना ते आपले मानते, असा त्यांचा निष्कर्ष. वाड्यातल्या मंडळींनी तो ग्रंथ वाचलेला नाही, परंतु त्यातले मर्म त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

आपल्या देवाधर्मातही कुत्र्याला जागा आहे. दौंडच्या शेजारी, पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. खंडोबाच्या मूर्तीत आणि टाकांवर घोड्याबरोबर कुत्रा असतो. देवाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. नामदेवांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा नामदेव काठी घेऊन धावले नाहीत, तुपाची वाटी घेऊन धावले. इतिहास म्हणून या कथेचा दाखला देता येणार नाही, पण लोकांच्या मनात काय चांगले ठरले होते, याचा दाखला म्हणून तिचे मोल मोठे आहे.

अस्सल लेखाचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याची सत्ता महाराष्ट्र-कर्नाटकावर होती, तेव्हाचा एक शिलालेख कर्नाटकात आतकूर येथे सापडला. त्याचा काळ शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५०. कृष्णाचा साहाय्यक गंग राजा बूतुग याने मणलेर नावाच्या वीराला, 'तुझ्या पराक्रमावर मी खूश आहे, हवे ते माग' असे सांगितले. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाजवळचे 'काळी' नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे ते कुत्रे एका मोठ्या रानडुकराशी झुंजले आणि दोघेही मेले. मणलेराने देवळापुढे दगड उभारला आणि पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडाची पूजा न करता जो पुजारी जेवेल त्याला पाप लागेल, असेही कोरून ठेवले. तो दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

सातारजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका आहे. रायगडावरील वाघ्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले. त्या कुत्र्याविषयी शिवकालीन कागदपत्रांत आधार मिळत नाही, म्हणून इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी ते येथे पुराव्यादाखल घेत नाही. शिक्षक बंधुभगिनींनीही मुलांना आख्यायिका आणि पुरावा यांतला हा फरक अवश्य सांगावा.

आता इंग्रजी अमदानीतील एक प्रसंग ऐका. मुंबईत मोकाट कुत्र्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा उन्हाळ्यात कुत्री मारण्याचा हुकूम सरकारने केला आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. परिणाम काय झाला? पिसाळलेले, अंगावर येणारे कुत्रे पकडणे धोक्याचे आणि कष्टाचे. दारात निवांत पडलेले गरीब कुत्रे पकडणे सोपे. शिपायांनी सोपा मार्ग धरला. घराघरांतली पाळलेली कुत्री ओढून नेऊन मारली जाऊ लागली. १८३२ सालच्या जून महिन्यात पारशी मंडळी खवळून उठली, हिंदू व्यापारीही त्यांना मिळाले. कोटातली दुकाने बंद झाली, गोऱ्या पलटणीला पाव आणि मांस पोहोचेना, शेवटी फौज बाहेर काढावी लागली. यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या दोघा धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. ज्या कृत्याला बक्षीस मिळते, ते कृत्य वाढते. शिपायांना कुत्र्यांचा उपद्रव थांबवल्याबद्दल पैसे मिळत नव्हते. कुत्रे मारल्याबद्दल मिळत होते. म्हणून उपद्रव होता तसाच राहिला, आणि मेलेल्या कुत्र्यांची संख्या तेवढी वाढली. बक्षिसाने शिकण्याचा गुण माणसात आहे तसा जनावरातही आहे. मात्र आपण नेमके कशाला बक्षीस देतो आहोत, इकडे लक्ष हवे.

याच नियमाचा शोध पुढे शास्त्रज्ञांनी घेतला. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक याने मांजरे, कुत्री आणि कोंबडीची पिले पेटाऱ्यांत ठेवून, ती बाहेर पडायला कशी शिकतात हे पाहिले आणि १८९८ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या हालचालीनंतर सुख मिळते ती हालचाल जनावर पुन्हा करते, असा त्याचा सिद्धांत होता. रशियात पावलॉव्हने कुत्र्यांवर प्रयोग केले. अन्नाच्या आधी नेहमी एखादा विशिष्ट आवाज झाला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने दाखवले.

पण शास्त्र एका बाजूला आणि व्यवहार दुसऱ्या बाजूला, असे त्या काळी होते. जर्मनीतील कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यात बक्षीस होते, पण सक्ती आणि शिक्षा यांवर मोठा भर होता. दोन महायुद्धांत आणि त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी हीच पद्धत चालली.

तिला उलट उदाहरणही युद्धातलेच आहे. १९१७ साली इंग्लंडमध्ये शूबरीनेस येथे लेफ्टनंट कर्नल रिचर्डसन याने निरोप नेणाऱ्या कुत्र्यांची शाळा काढली. तोफांचा भडिमार चालू असताना आघाडीवरून कुत्र्याने एकट्याने माघारी यायचे, असे हे काम. बरोबर माणूस नाही, तेव्हा काठी दाखवणार कोण? कुत्र्याला आपण होऊन यावेसे वाटले पाहिजे. म्हणून रिचर्डसनचा नियम असा, की चुकलेल्या कुत्र्याला मारायचे नाही. त्याला सुरुवातीच्या जागी हळूच परत न्यायचे आणि पुन्हा सोडायचे. या शाळेत लंडनच्या बॅटरसी येथील बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातूनही कुत्री आणली होती. आपण ज्याला गावठी कुत्रे म्हणून हिणवतो, त्याच्याविषयीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. माझ्या मळ्यातील धनगरबाबा आणि हा इंग्रज कर्नल, दोघांचे म्हणणे अक्षरशः एकच होते: जो आला, त्याला मारायचे नाही.

१९५१ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर याने सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. जनावराने योग्य कृती केली त्याच क्षणी त्याला कळले पाहिजे, उशीर झाला तर बक्षीस भलत्याच कृतीला लागू होते, हा त्याचा मुद्दा. तुकडा तोंडापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून त्याने युक्ती सुचवली. जत्रेत पत्र्याची टिकटिकी मिळते ना, तसले खेळणे हातात घ्यायचे. आधी 'टिक' आणि मग तुकडा, असे अनेकदा करायचे. मग 'टिक' म्हणजेच शाबासकी, हे जनावर ओळखते. ज्या शब्दाची आपल्या भाषेत उणीव आहे असे मी सुरुवातीला म्हटले, तो शब्द असा पत्र्याच्या खेळण्यातून निघाला. आपण टिकटिकीऐवजी 'शाबास' म्हटले तरी चालेल. मात्र नेहमी तोच शब्द आणि त्याच सुरात.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. पुण्यात शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे शिकलेला झंजीर नावाचा लॅब्रॅडॉर कुत्रा १९९२ सालच्या डिसेंबरअखेर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. झंजीरने आपल्या सेवेत एकूण ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधून दिली, अशी त्याच्या नावावर नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो वारला आणि पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

वास शोधणारे कुत्रे तयार कसे करतात? आधी विशिष्ट वासाची वस्तू लपवतात. कुत्र्याने ती हुंगून शोधली, की लगेच आवडता चेंडू किंवा खाऊ. हळूहळू वस्तू अधिक अवघड जागी ठेवतात. कुत्र्याच्या दृष्टीने तो खेळ असतो. स्फोटक सापडले म्हणजे चेंडू मिळाला. येथे काठी उपयोगी का पडत नाही, हे सहज कळेल. मारून कुत्र्याला बसवता येईल, गप्प करता येईल. पण मारून त्याला हुंगायला लावता येणार नाही. आणि मार चुकवण्यासाठी त्याने खोटेच 'सापडले' असे दाखवले, तर माणसांचे प्राण जातील.

ही पद्धत घरी अमलात आणायला पैसा लागत नाही. भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. कुत्रे भुकेले असताना दोन-चार मिनिटेच शिकवावे. प्रत्येक कामाला एकच शब्द ठरवावा आणि घरातल्या सर्वांनी तोच वापरावा. आजी 'बस' म्हणते, नातू 'खाली' म्हणतो, तर कुत्र्याने कुणाचे ऐकावे? हाक मारल्यावर ते आले की, कितीही उशिरा आलेले असो, आधी 'शाबास' आणि मग तुकडा. अंगावर उड्या मारीत असेल, तर पाठ फिरवून उभे राहावे. चारी पाय जमिनीवर टेकले की लक्ष द्यावे. काम पक्के झाल्यावर दर वेळी तुकडा देण्याची गरज नाही, अधूनमधून पुरे. शाबासकी मात्र सोडू नये. कुणी म्हणेल, 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच.' शेपटाचे असेल तसे. स्वभावाचे तसे नाही.

परंतु श्रोतेहो, शिकवले म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. कुत्रा चावण्यातला खरा धोका पिसाळ रोगाचा, म्हणजे रेबीजचा. लुई पाश्चर याने ६ जुलै १८८५ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम ही लस टोचली. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. पोटातल्या ज्या चौदा सुयांची धास्ती अजून खेड्यांत आहे, ती जुनी लस भारतात २००४ सालच्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात किंवा कातडीत देतात आणि चार-पाच खेपांत काम होते. तेव्हा भिऊन घरी बसू नका. कुत्रे चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना काही भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. जखम खोल असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध जखमेत टोचावे लागते, ते डॉक्टर ठरवतील. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही.

यावर उपाय मुळाशी आहे. पिलू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लस टोचून घ्यावी आणि ती दर वर्षी घ्यावी. नको असलेली पिले पोत्यात घालून ओढ्याकाठी किंवा बाजारात सोडून देण्यापेक्षा मादीचे वेळीच निर्बीजीकरण करावे. आज सोडलेले पिलू हेच उद्याचे मोकाट कुत्रे. मोकाट कुत्र्यांसाठी सरकारने २००१ साली नियम केले आणि २०२३ साली ते सुधारून पुन्हा काढले. त्यांचाही भर निर्बीजीकरण आणि लसीकरण यांवरच आहे. हा प्रश्न गावापुरताही नाही. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकांच्या तपासणीवरून सिद्ध झाले. आपल्या माळावरचा अस्सल लांडगा अशा रीतीने नाहीसा होऊ शकतो.

शिरूरकरांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्या आला. शेजारच्या जिल्ह्यात अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला आणि २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. रात्री अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे आपली राखण करीत नाही. ते बिबट्याला घरापर्यंत येण्याचे आवतण देते, आणि बिचाऱ्याला पळताही येत नाही. त्याला रात्री बंद गोठ्यात किंवा पडवीत आत घ्यावे.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत झगडा केला होता. आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, कारणाशिवाय जनावर सोडून देणे, हे तिन्ही त्या कायद्याने गुन्हे आहेत. दुसऱ्या बाजूने, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी न घेणारा धनीही दोषी ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तात्पर्य, कुत्रे चावले तर कायदा कुत्र्याला विचारीत नाही, धन्याला विचारतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेत एखादा तास यासाठी काढावा. अनोळखी कुत्र्याजवळ धावत जाऊ नये, जेवणाऱ्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्रीला हात लावू नये, कुत्रे अंगावर आले तर पळू नये, हात अंगाशी घेऊन स्तब्ध उभे राहावे, बांधलेल्या कुत्र्याला खडे मारू नयेत, एवढे मुलांना शिकवावे. हे चार-पाच नियम माझ्या गावात कुणी आम्हांला शिकवले असते, तर त्या पोराच्या पोटात चौदा सुया गेल्या नसत्या.

ते पोर आज बागायतदार आहे. दंडावर व्रण आहे. गेल्या दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा त्याच्या दारात एक तांबडे कुत्रे होते, मोकळे. त्याने हाक मारली. ते उसाच्या बांधावरून सावकाश, मधे दोनदा हुंगत, चांगले रमतगमत आले. त्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिशातून भाकरीचा तुकडा काढून दिला. मी म्हटले, "उशिरा आलं की रे." तो म्हणाला, "आलं ना पण, मास्तर."